मेंदूचा पक्षाघात आणि भौतिकोपचार

चार महिने उलटले तरी मूल मान धरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरू लागते. तरीही ‘काही मुले उशिराच चालतात’ अशी समजूत घालून घेतली जाते. अशा बालकांपैकी काहींना मेंदूचा पक्षाघात असतो. यात मेंदूला झालेली इजा वाढत नाही. मात्र हाडे वाढत असताना ताठरलेले स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. सांधे आखडतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते. म्हणूनच उपचारातील विलंब महागात पडतो.

भौतिकोपचाराने ही इजा भरून येत नाही, हे पालकांना प्रारंभीच सांगितलेले बरे. सांधे मोकळे राखणे आणि बसणे, उभे राहणे, घास तोंडी नेणे यांचा खेळातून पुनःपुन्हा सराव घडविणे, हे त्याचे कार्य. तज्ज्ञांची भेट आठवड्यातून फार तर एक-दोनदा. उरलेले दिवस घरच्यांचेच. पायांची कात्री होणाऱ्या मुलास पाय फाकवून कडेवर घेणे, हाही उपचारच होय. जोराने पाय ओढून केलेले मालिश मात्र अपायकारक ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. अडते ते त्यापुढे. केंद्र दूर, प्रत्येक खेपेस मजुरी बुडते आणि दोन-चार फेऱ्यांनंतर मूल येईनासे होते. ही गळती शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनाच प्रथम दिसते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, त्याचा विचार अशा वेळी व्हावा.