दंगेखोर पिल्लू, आजीचा सोबती

लॅब्रडॉरचं पिल्लू चपला पळवतं, पायजम्याला लोंबकळतं. हे आजारी आजीच्या पायाशी शांत बसेल? बसेल. माणसांची ही ओढच आजारी, एकट्या माणसांना भेटून सोबत देणाऱ्या कुत्र्याच्या कामाचं भांडवल आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकात मांडलं, की अबोल मुलं त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याजवळ मोकळी होतात.

या कामाची तयारी पिल्लू लहान असतानाच सुरू करायची. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे भेटतं, त्याची भीती पुढे कमी वाटते. म्हणून काठी, व्हीलचेअर, कुकरची शिट्टी, लहान मुलांचा गलका यांची ओळख हळूहळू करून द्या. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरचं जग कडेवरूनच दाखवा. बिचकलं तर पुढे ओढू नका, मागे न्या.

दात लावले की खेळ तिथेच थांबवा, पण हात उगारू नका. मार खाल्लेलं कुत्रं हातालाच भितं, आणि याला तर थरथरते, अनोळखी हात अंगावर फिरवून घ्यायचे आहेत. शांत बसल्याक्षणी खाऊ द्या. पिल्लं नेमकी तेव्हाच दुर्लक्षिली जातात. भरपूर झोपू द्या.

मोठं झाल्यावरही ते मान फिरवू लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं, तर त्याला पुरे झालं असं समजून भेट संपवा.