ई-मेल पडताळणीचे अहवाल कोणत्या पत्त्यावर मागवावेत?

शाळेच्या जावक नोंदवहीत आपण पाठविलेल्या प्रत्येक पत्राची नोंद असते. परंतु आपण न पाठविलेले, तरीही शाळेच्या नावाने दुसऱ्याच कोणी धाडलेले पत्र त्या वहीत सापडणार नाही. त्याची नोंद होईल ती पत्र घेणाऱ्याच्या आवक नोंदवहीत. ई-मेलच्या बाबतीत या आवक नोंदवहीचा उतारा आपणांस मिळू शकतो. तो कोठे पाठवावा, हे मात्र आपण आधी जाहीर केले पाहिजे.

ई-मेल पाठविण्याचे मूळ नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे पाहण्याची तरतूद नव्हती. पुढे दोन तपासण्या आल्या. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने टपाल पाठविण्यास मुखत्यार असलेल्या सर्व्हरांची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावर उमटणारी सांकेतिक मोहोर. २०१५ साली प्रसिद्ध झालेला डीमार्क हा नियम या तपासण्यांचा निकाल पत्रावर दिसणाऱ्या नावाशी ताडून पाहतो आणि त्याचा अहवालही मागवू देतो.

आपल्या अमरावती व अकोला जिल्ह्यांतील ज्या शाळांचा पत्ता जीमेलसारख्या सामाईक सेवेवर आहे, त्यांना यासाठी काही करावयाचे नाही. तो बंदोबस्त ती सेवाच करते. परंतु ज्या शाळेने वा संस्थेने स्वतःचे डोमेननाव घेतले आहे, तिने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. डोमेनच्या नोंदींत डीमार्कची एक ओळ असते. तिच्यात आर-यू-ए ही रोमन अक्षरे, बरोबरीचे चिन्ह, मेलटो हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे व त्यापुढे पत्ता लिहावा. पत्ते एकाहून अधिक असल्यास मध्ये स्वल्पविराम द्यावा. हा भाग वगळल्यास नियम लागू राहतो; पण अहवाल येत नाहीत.

२. पत्ता व्यक्तीचा नसावा, कामाचा असावा. शिक्षकांच्या बदल्या होतात. दर्यापूरहून धारणीस गेलेल्या गुरुजींच्या टपालपेटीत मागील शाळेचे अहवाल साचत राहिले, तर त्यांचा उपयोग कोणासच होत नाही. अहवालांसाठी स्वतंत्र पेटी उघडावी व ती कोणी पाहावी, हे कार्यभाराच्या यादीत नमूद करावे.

३. पत्ता दुसऱ्या डोमेनवरील असेल, तर त्या डोमेनने आपल्या नोंदींत तशी संमती जाहीर करावी लागते. असे नसते, तर कोणीही कोणाच्याही पेटीत अहवालांचा ढीग लावला असता. म्हणून अकोटच्या शाळेने अमरावतीच्या संस्थेचा पत्ता देण्यापूर्वी तिची संमतीची नोंद झाली आहे, याची खात्री करावी. सामाईक सेवेवरील खासगी पत्ता देऊ नये. तेथे अशी संमती गृहीत धरता येत नाही.

४. आर-यू-एफ या अक्षरांनी एकेका अपयशी पत्राचा अहवालही मागविता येतो. त्यात पत्रातील मजकूर येऊ शकतो, आणि पालकांच्या पत्रांत खासगी गोष्टी असतात. जीमेल असे अहवाल पाठवीतच नाही. शाळेस आर-यू-ए पुरेसे आहे.

अहवाल बहुधा दिवसातून एकदा, संक्षिप्त केलेल्या फाइलच्या रूपाने येतो. त्यात पत्राचा मजकूर नसतो. कोणत्या सर्व्हरवरून, किती पत्रे आली व त्यांचा निकाल काय लागला, एवढेच असते. तो सारणीच्या रूपात दाखविणारी साधने मोफत मिळतात. सारणी जावक नोंदवहीशेजारी ठेवून पाहावी. अनोळखी सर्व्हरवरून आलेली व तपासणीत न उतरलेली पत्रे बनावट असण्याचा संभव मोठा असतो. ओळखीच्या सर्व्हरची पत्रे नापास होत असल्यास दोष आपल्या मांडणीत आहे.

म्हणूनच आरंभी धोरण ‘नन’ म्हणजे केवळ निरीक्षणाचे ठेवावे. आपली सर्व पत्रे उत्तीर्ण होऊ लागली, की ‘क्वारंटाइन’ आणि शेवटी ‘रिजेक्ट’ करावे. अहवाल न पाहता एकदम कडक धोरण लावल्यास निकालाची आपलीच पत्रे पालकांपर्यंत पोचणार नाहीत. धोरण कायम सैल ठेवल्यास ‘शिष्यवृत्तीसाठी बँक खात्याचा तपशील कळवा’ असे बनावट पत्र शाळेच्याच नावाने एखाद्या शेतमजूर पालकाच्या हाती पडेल, आणि तो त्यावर विश्वास ठेवील; कारण शाळेच्या नावावर त्याचा विश्वास आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

स्वतःचे डोमेन असलेल्या प्रत्येक शाळेने अहवालाचा पत्ता कोणता व तो कोण पाहतो, हे तपासून घ्यावे.