लस, सक्ती आणि उद्याचे औषधनिर्माते

लसीकरणाची सक्ती सोलापूर जिल्ह्याला नवीन नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास, पटकीच्या साथीच्या भयाने, पंढरपूरच्या यात्रेकरूंना लस टोचून घेणे बंधनकारक करण्यात आले होते. हेतू लोककल्याणाचा होता. मात्र त्या काळची ती लस रोगाचा फैलाव रोखण्यास पुरी पडत नाही, हे पुढे अनुभवास आले आणि १९७३ साली जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या लसीच्या दाखल्याची अट रद्द केली.

या इतिहासाची आठवण होण्याचे कारण म्हणजे सोलापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकणारे आपले तरुण-तरुणी. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हा १८ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी कोविड लसीच्या दोन्ही मात्रांची अट होती. ज्यांना उद्या औषधे हाताळायची आहेत, त्यांनी या सक्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? आमच्या मते येथे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. लस उपयुक्त व सुरक्षित आहे का, हा पहिला. ती घेण्याची सक्ती करावी का, हा दुसरा. पहिल्याला 'होय' आणि दुसऱ्याला 'विचार करावा लागेल' असे उत्तर देणारा विद्यार्थी विज्ञानविरोधी ठरत नाही.

दोन उदाहरणे घेऊ. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात; हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून त्याची लस मुख्यतः घेणाऱ्याचेच रक्षण करते. गोवराचे तसे नाही. तो श्वासावाटे अतिशय वेगाने पसरतो आणि त्याला रोखण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित असावे लागतात. आपल्या देशात गोवराची पहिली मात्रा बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर त्याचे रक्षण इतरांनी घेतलेल्या लसीवरच अवलंबून असते. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा हे सत्य पुन्हा प्रत्ययास आले. तात्पर्य, माझ्या नकारामुळे दुसऱ्याला किती धोका पोहोचतो, यावर सक्तीचे समर्थन अवलंबून असते.

सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी हाच तोल सांभाळला. कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरील अधिकार राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी शासन प्रमाणबद्ध निर्बंध घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले. लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना उपलब्ध करून देण्याचेही निर्देश दिले.

ख्रिस्तसभेची शिकवण यापासून फार दूर नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक विभागाने २१ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात लसीकरण ऐच्छिक असावे असे म्हटले. मात्र त्याचबरोबर सर्वांच्या हिताचे कर्तव्यही सांगितले. जे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लस नाकारतात, त्यांनी आपल्यामुळे दुर्बलांना संसर्ग होऊ नये म्हणून अन्य सर्व उपायांनी काळजी घ्यावी, असे त्यात स्पष्ट केले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले होते. प्रेम सक्तीने घडत नाही, आणि प्रेम कर्तव्य टाळतही नाही.

औषधनिर्मात्याच्या बाबतीत या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे. खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत अनेकांची पहिली चौकशी औषधाच्या दुकानातच होते. "बाळाला लस दिली की ताप येतो म्हणतात, मग द्यावी का?" असे विचारणाऱ्या आईला नियमाचा धाक दाखवून भागत नाही. लसीनंतर येणारा ताप सहसा सौम्य असतो व थोड्याच काळात उतरतो; क्वचित गंभीर त्रास झाल्यास त्याची नोंद व्हावी लागते, हे तिला शांतपणे समजावून सांगणारा माणूस समोर हवा. ज्याने स्वतः केवळ प्रवेशाच्या अटीपायी लस घेतली आणि कधी प्रश्नच विचारला नाही, तो तिला काय सांगणार?

म्हणून आमची या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे: आपली लस वेळेवर घ्या, शंका आपल्या प्राध्यापकांना निःसंकोच विचारा आणि समजून घेतलेले इतरांना समजावून द्या. पालकांनीही मुलांच्या प्रश्नांना उद्धटपणा समजू नये. समाजाचा विश्वास अशाच प्रामाणिक उत्तरांतून उभा राहतो.