भरतीची पोरं आणि 10 किलोमीटरची शर्यत

जालन्यात पहाटे अंबड रोडला, मंठा रोडला पळताना दिसतात ती बहुतेक भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. इथंच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आहे, आणि त्या दलाच्या भरतीला तर 5 किलोमीटर पळावं लागतं. त्यामुळे 5 किंवा 10 किलोमीटरच्या शर्यतीचा फॉर्म भरला की मैदानावरचे आडाखेही सोबत येतात.

त्यातला सगळ्यात महागात पडणारा म्हणजे ‘शिट्टी वाजली की सुटायचं, पुढची जागा धरायची.’ 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले की भरतीत पैकीच्या पैकी गुण. त्याच वेगानं 5 किलोमीटर नेले तर साधारण 16 मिनिटं 9 सेकंद होतात. नवख्याला ते झेपत नाही. दुसऱ्या किलोमीटरलाच छाती भरते, पाय जड होतात, आणि मागे टाकलेले काका शांतपणे पुढे निघून जातात. पहिला किलोमीटर ‘फारच हळू चाललोय’ असं वाटलं तर बरोबर चाललंय. खरं पळायचं ते शेवटच्या किलोमीटरला.

लांब पल्ला म्हणजे संथ पळणं, हा उलटा गैरसमजही आहेच. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2020 साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली. म्हणजे किलोमीटरला सुमारे 2 मिनिटं 52 सेकंद. त्या वेगानं भरतीचे 1600 मीटर 4 मिनिटं 35 सेकंदांत होतात, आणि हा गडी त्याच वेगानं 21 किलोमीटर पळाला!

‘रोज दम निघेपर्यंत पळाल्याशिवाय स्टॅमिना येत नाही’ हेही खरं नाही. आठवड्यातलं बहुतेक पळणं सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं सावकाश हवं. जोराचा सराव एक-दोन दिवस पुरे.

पळता पळता ग्लुकोज? तासाभराच्या पळण्याला शरीरातला साठा पुरतो. तहान लागली तर पाणी प्या, तेही घोटाघोटानं. दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या दुखतात त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं. ते तासाभरात ओसरतं. दुखतात त्या स्नायूंना झालेल्या बारीक इजा, आणि त्या दोन-तीन दिवसांत भरून येतात.

शेवटी हमखास होणारा वाद : ‘घड्याळात 10.15 किलोमीटर दाखवलं, आयोजकांनी जास्त पळवलं.’ प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून, प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेनं मोजतात. तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादाच धरतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, वळणावर बाहेरून पळतो. वर जीपीएसची चूक वेगळी.

आणि 5 किलोमीटरला ‘मॅरेथॉन’ म्हणणारे बॅनर? मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. बॅनर छापणाऱ्याशी भांडू नका.