काटा अडतो तेव्हा

माणसाला तोलण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गूळतुला होते, पेढेतुला होते, एखादा विद्याप्रेमी कार्यकर्ता ग्रंथतुलाही घडवून आणतो. पारड्यात बसलेल्या गृहस्थाचे वजन जितके अधिक, तितका त्याचा मान अधिक. निदान गूळ तरी अधिक. आता तुलेची जागा न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली आहे. त्याच्यापुढे मानाचा प्रश्न बरोबर उलटा झाला आहे.

आपल्या चऱ्होलीहून चाकणकडे निघालो की ठिकठिकाणी मालमोटारींचे वजनकाटे दिसतात. गाडी भरलेली एकदा तोलायची, रिकामी एकदा तोलायची, वजाबाकी केली की माल किती ते कळते. गाडीच्या बाबतीत हा हिशेब चोख आहे. माणसाच्या बाबतीत मात्र तो फसतो, कारण माणसाची रिकामी गाडी वेगळी तोलता येत नाही. हाड, स्नायू, पाणी, चरबी, सकाळचा चहा, सगळे एकाच आकड्यात येते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हा आकडा कधीकधी किती छळतो, आणि त्या छळातून वाट कशी निघते, हा या लेखाचा विषय आहे. कलाशाखेच्या अंकात हा वैद्यकीय विषय कशाला, असे काही प्राध्यापक म्हणतील. परंतु हा प्रश्न जेवढा पोटाचा आहे तेवढाच मनाचा आणि समाजाचाही आहे, असे माझे मत आहे.

आकडा किती फसवा असतो याचे जगभर गाजलेले उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशी आपल्या लोकांची जी ठेवण आहे, ती या एका छायाचित्राने जगाला पटवून दिली. म्हणूनच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या मर्यादा पाश्चात्यांपेक्षा खाली धरतात, आणि कंबरेची मर्यादाही पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी कमी ठेवतात.

आता शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला अगदी लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरते. शिवाय १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेले घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक जठराच्या ज्या भागात मुख्यत्वे तयार होते, तो भाग पहिल्या प्रकारात जवळजवळ निघूनच जातो. म्हणजे ही केवळ थैली शिवून लहान करण्याची कारागिरी नव्हे. भुकेच्या निरोपांची यंत्रणाच बदलते. नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना हे नाव ओळखीचे झाले.

पहिले पंधरा दिवस काटा भराभर उतरतो. घरात आनंद. शेजारी विचारतात, 'किती उतरलं?' आणि मग साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, खाणे दिवसाकाठी दोन-चार वाट्या पातळ पदार्थ एवढेच असताना, काटा एकाएकी थांबतो. आठ दिवस थांबतो, कधी पंधरा दिवस. क्वचित अर्धा किलो वर चढतो! एवढे पोट कापून घेतले आणि वजन वाढते, याहून मोठा अन्याय तो कोणता?

अन्याय नाही, रसायनशास्त्र आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक राखीव साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रौढ माणसात तो सुमारे अर्धा किलो भरतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासमार सुरू झाली की शरीर प्रथम हा साठा मोडते आणि सगळे पाणी बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या किलोंपैकी बराच वाटा या पाण्याचा असतो. पुढे आहार थोडा वाढला, शरीर सावरले, की साठा पुन्हा अंशतः भरतो आणि पाणी परत येते. त्याच काळात चरबी जळतच असते, पण जेवढी चरबी गेली जवळजवळ तेवढे पाणी आले, की काटा जागच्या जागी उभा. बायकांना पाळीच्या आधी अंगात पाणी धरते, खारट खाल्ल्यावर धरते, रात्रपाळीच्या जागरणानेही आकडा इकडेतिकडे होतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जे तीन पाळ्यांत काम करतात त्यांनी तर एका आठवड्यातले पहाटेचे वजन आणि पुढच्या आठवड्यातले दुपारचे वजन शेजारी मांडूच नये; ती दोन वेगळ्या गाड्यांची वजने आहेत.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शरीर लहान झाले की त्याचा खर्चही कमी होतो. शिवाय ते हिशेबापेक्षा जास्त काटकसर करू लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली. त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घसरला, आणि पायांना सूज येऊन साठलेल्या पाण्याने प्रत्यक्ष घट झाकली गेली. (वर उल्लेखिलेल्या सूत्राला 'बीएमआय' हे नाव पुढे १९७२ मध्ये याच कीज यांनी दिले. मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे. ते वैद्य नव्हतेच. 'सरासरी माणूस' कसा असतो ते त्यांना पाहायचे होते.) दुष्काळात तग धरण्यासाठी घडलेले शरीर शस्त्रक्रियेलाही दुष्काळच समजते. त्याचे काय चुकले?

आमच्या थोरल्या काकूंवर दोन वर्षांपूर्वी ही शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या संमतीने लिहितो. तिसऱ्या आठवड्यात काटा अडला तो सतरा दिवस. काकू दिवसातून चार वेळा काट्यावर उभ्या राहात. एकदा तर बांगड्या काढून. घरात कोणी वाईट नव्हते, पण 'एवढा पैसा घातला' हे वाक्य भिंतीआडून ऐकू येईच. तेव्हा काकूंनी कोणाला न सांगता सांगितलेले खाणेही निम्म्यावर आणले. डाळीचे पाणी बंद, दूध बंद, नुसता चहा. पाचव्या दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन बसल्या. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी रागावण्याऐवजी काटा कपाटात ठेवायला सांगितला, तो फक्त रविवारी सकाळी काढायचा. आणि एक वही व शिंप्याचा टेप घ्यायला लावला.

ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर कंबर, दंड, मांडी यांची मापे. काटा अडलेल्या त्या सतरा दिवसांत कंबर चार सेंटिमीटर कमी झाली होती. पुढे मापे कमी आणि नोंदी जास्त होत गेल्या. 'अंगठी साबणाशिवाय निघाली.' 'पायाची नखं स्वतः कापली.' 'पंगतीत खाली मांडी घालून बसले, उठताना कोणाचा हात धरला नाही.' 'पीएमपीच्या शिटावर शेजारी दुसरी बाई बसली.' 'वाघेश्वराच्या टेकडीवर तीनदा थांबून, नंतर एकदाच थांबून.' आणि आषाढात: 'पालखीबरोबर चऱ्होली फाट्यापासून दिघीपर्यंत चालले.' यातली एकही गोष्ट काट्याला दिसत नाही. इंग्रजीत अशा गोष्टींना काट्याबाहेरचे विजय अशा अर्थाचे नाव आहे. हार पत्करलेल्या माणसाची समजूत घालण्याचा हा प्रकार असावा, असे मला आधी वाटे. वही पाहून तसे वाटेनासे झाले.

कारण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या काट्याबाहेरच्या गोष्टीच मुख्य आहेत. चालताना गुडघ्यावर पडणारा भार घ्या: एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासात आढळले आहे. म्हणजे दहा किलो उतरलेला माणूस काटा अडला असतानाही पावलोपावली चाळीस किलोंची सूट उपभोगत असतो. मधुमेहाचे तर याहून नवल. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये सहाशेहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. कित्येकांची रक्तशर्करा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, वजन म्हणावे तसे उतरण्यापूर्वीच, ताळ्यावर आली होती. घोरणे आणि झोपेत श्वास अडणे कमी होते, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतात, पाळी नियमित होते. (तरुण स्त्रियांनी येथे सावध राहावे, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असा डॉक्टरांचा सल्ला असतो.) गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी करू नयेत, डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

उलट केवळ आकड्याच्या मागे लागले की काय होते, तेही मुंबईने पाहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधून इमान अहमद या स्त्रीला विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले. वजन सुमारे ५०० किलो सांगितले जाई. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि रोज वर्तमानपत्रांत नवा आकडा येऊ लागला. एप्रिलमध्ये नेमके किती किलो उतरले यावरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले. सप्टेंबरमध्ये ती गेली. बाजू कोणाची खरी, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तिला गिळता येते का, बोलता येते का, कूस बदलता येते का, हे प्रश्न त्या बातम्यांत आकड्याच्या खाली असत, एवढे मात्र आठवते.

असो. काटा अडला असता करायचे काय? पहिली गोष्ट, खाणे आणखी तोडायचे नाही. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी लागतात. ती न मिळाली तर शरीर स्नायू खाते, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस जे गळतात ते अधिकच गळतात. आळंदीच्या पंचक्रोशीत येथेच खरी अडचण आहे. घरोघर माळकरी, अंडेही चालत नाही. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच. लहान झालेल्या पोटात इतक्या वाट्या मावायच्या कशा? तेव्हा पनीर (१०० ग्रॅममध्ये सुमारे १८ ग्रॅम), सोयाबीनच्या वड्या (५० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम), पाणी निथळलेले घट्ट दही, मोड आलेल्या मटकीचे मऊ वाटण, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दुधात कालवायची प्रथिनांची पूड, असा मेळ घालावा लागतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी या लोकांनी विचारपूर्वक खावी. ती पोट भरते, प्रथिने जवळजवळ काहीच देत नाही. पांडुरंग दूध-दह्यावरही रागावत नसावा.

जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यायचे. घास बारीक चावायचा. आणखी एक चोरवाट आहे: पोळी-भाजी चार घासांत नको होते, पण चिवडा, शेव, चहात बुडवलेले बिस्किट त्या अरुंद नळीतून बिनबोभाट घसरते. महिनाभर काटा अडला असेल तर आधी हा चोर शोधावा. चालणे हवेच, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर थोडे वजन उचलण्याचे व्यायामही हवेत, कारण स्नायू हीच खर्च करणारी चरवी आहे, चरबी ही नुसती साठवण.

आणि थांबणे कोणते, धोका कोणता, हे ओळखावे. वारंवार उलट्या होणे, पाणीही न टिकणे, पाय बधिर होणे, तोल जाणे, ताप, पोटात जोराची कळ, ही अडलेल्या काट्याची लक्षणे नव्हेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मन सतत खचलेले राहणे हेही सांगण्याजोगे लक्षण आहे. खाणे हाच ज्यांचा विसावा होता त्यांचा तो विसावा एका रात्रीत गेलेला असतो, ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्यांना काल 'केवढी ही जाड' म्हटले, त्यांनाच आज 'किती वाळलीस, काही दुखणं आहे का?' असे विचारणारे आपले लोक!

वर्ष-दीड वर्षाने काटा जो थांबतो, तो बहुधा अडलेला नसतो. तो मुक्कामाला पोहोचलेला असतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या आणि तेवढ्याच न झालेल्या लोकांची नोंद ठेवण्यात आली. सर्वाधिक घट पहिल्या एक-दोन वर्षांत दिसली, मग थोडे वजन परत आले. जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षांनी सरासरी २५ टक्के घट टिकून होती. आणि वजन काही प्रमाणात परत येऊनही, शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. तेव्हा तीन-चार किलो परत आले म्हणून सगळे वाया गेले असे नाही. मात्र दर वर्षी लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी व डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. काकूंच्या वहीत या तपासणीची तारीख पहिल्याच पानावर, मापांच्या वरती, लाल शाईने लिहिलेली आहे.