पडद्यावरची गोष्ट, ओळीवरचं बोट
मोबाइलवर गोष्ट बघणारं मूल वाचायला शिकतंच असं नाही. चित्रं हलू लागली की नजर अक्षरांवर ठरत नाही. म्हणून गोष्ट कशी दाखवली जाते, हे महत्त्वाचं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टीही मोफत वाचता येतात. आवाजाबरोबर शब्द उजळत जाणाऱ्या गोष्टींत तर उच्चार आणि लिपी यांची सांगड डोळ्यांसमोर बसते. पडद्याचा धोका खराच: जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 2 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला कमाल 1 तासाची मर्यादा सुचवली. पण दहा मिनिटांची गोष्ट त्यात सहज बसते, आणि घरात एकही पुस्तक नसेल तर ती फार मोलाची ठरते. फक्त मोबाइल हाती देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारा, ओळीवरून बोट फिरवा.