वीकेण्डला पाण्यावर सुसाट!

रिमोटची रेसिंग बोट विकत घेणं सोपं. ती सरळ पळवणं ही कला, आणि हाताची सगळी बोटं शाबूत ठेवून घरी परतणं हा खरा फण्डा!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवारी मॉल, रविवारी झोप. कंटाळा आलाय ना? मलाही आला होता. मग एका मित्राच्या नादाने आरसी बोटिंगचं खूळ डोक्यात शिरलं, ते काही निघायला तयार नाही. बाय द वे, हे खूळ आजचं नाही बरं का! निकोला टेस्लाने १८९८ सालीच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती.

खेळणं? छे!

आधी थोडं गणित. ब्रशलेस मोटरवर केव्ही नावाचा आकडा असतो. म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. २००० केव्हीची मोटर चार सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या लिपो बॅटरीवर लावली की कागदावर २९,६०० फेरे! त्यावर ४० मिलिमीटरचा पंखा लावला, तर त्याच्या टोकाचा वेग होतो ताशी दोनशे वीस किलोमीटरच्या आसपास. पाण्याच्या ओझ्याने तो कमी होतो, पण बोट कापायला तेवढाही पुरतो. त्यात रेसिंगचे पंखे मुद्दाम धार लावलेले असतात. म्हणून माझा पहिला नियम : बॅटरी जोडलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही. ‘एक सेकंद फक्त’ असंसुद्धा नाही.

नाक वर, नाक खाली

नवी बोट पाण्यात टाकली की ती बहुतेक वेळा बेडकासारखी उड्या मारते. लगेच मोठी मोटर घ्यायला धावू नका. खिशाला हात घालण्याआधी बोटीचा तोल बघा. साध्या व्ही आकाराच्या बोटीचा तोल मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर यायला हवा. म्हणजे ७० सेंटिमीटरच्या बोटीत २१ सेंटिमीटरवर. दोन बोटांवर बोट उचला, कळतं. नाक उडत असेल, तर बॅटरी थोडी पुढे सरकवा. नाक पाण्यात रुतून बोट जड पळत असेल, तर मागे. पंख्याचा दांडा बोटीच्या तळाला समांतर ठेवून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारी वळणदार केबल जोर आला की पिळली जाते आणि आखडते. म्हणून पंख्याच्या पुढे, ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायची. केबलला ग्रीस हवंच. दिवसअखेर ती बाहेर काढून पुसली नाही, तर पुढच्या रविवारी गंज तुमचं स्वागत करतो.

पहिली फेरी दोनच मिनिटांची. बोटीच्या कडेच्या भोकातून पाण्याची धार उडतेय ना, ते बघा. तीच मोटरला थंड ठेवते. धार नाही? लगेच काठावर. मग मोटरला हात लावा. दोन-तीन सेकंदही हात टिकत नसेल, तर पंखा लहान करा. स्पीड थोडा जाईल, मोटर वाचेल.

बोट जाऊ दे, तू थांब!

आता सिरियस गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपमधल्या एकाची बोट तळ्याच्या मधोमध बंद पडली. पंख्याला जलपर्णी गुंडाळली होती. कुणी काही म्हणायच्या आत गडी पाण्यात! काठापासून वीसेक फुटांवर त्याचेही पाय त्याच जलपर्णीत अडकले. मासे पकडायला बसलेल्या एका काकांनी फुगवलेली ट्यूब फेकली, म्हणून तो बाहेर आला. पट्टीचा पोहणारा, पण ओठ पांढरेफटक. ‘दोन महिन्यांचा पगार घातलाय रे तिच्यात,’ एवढंच म्हणाला. काका शांतपणे म्हणाले, ‘पगार पुढच्या महिन्यात परत येतो.’

तेव्हापासून आमच्याकडे मासेमारीची काठी आणि दोरीला बांधलेला टेनिस बॉल असतो. बोटीच्या पलीकडे बॉल टाकायचा, हळूहळू ओढायचं. दुसरी युक्ती फुकटची : वारा तोंडावर येईल अशा काठावर उभं राहायचं. बंद पडलेली बोट आपोआप तुमच्याकडे वाहत येते. आणि जागा निवडताना डोकं वापरा. पोहणारी माणसं, पक्ष्यांची वस्ती, पिण्याच्या पाण्याचा तलाव या जागा बाद. पवई तलावात तर मगरी आहेत, तिथे पाय बुडवायचा विचारही नको! कुठेही जा, परवानगी आधी विचारा.

बॅटरी उशाशी नको

वन बीएचकेतल्या मंडळींनी हे नीट वाचावं. लिपो बिघडली की धडाधड पेटते. चार्जिंग आपण जागे आणि समोर असतानाच, फरशीवर, पडद्यांपासून लांब, आगरोधक पिशवीत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नाही, ३.२ च्या खाली उतरवायचा नाही. आठवडाभर ठेवायची असेल, तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी कितीही महाग असो, तिला रामराम!

निघण्यापूर्वी टिकमार्क

* आधी रिमोट ऑन, मग बोट. बंद करताना उलटं.
* फेलसेफ तपासा. रिमोट बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे.
* आत फोम भरा, झाकणाला टेप लावा. उलटली तरी बोट तरंगायला हवी.
* पाण्याबाहेर मोटर पळवून ‘आवाज ऐकवू’ नका.
* खाडीत किंवा समुद्रात चालवली, तर गोड्या पाण्याने धुवा.
* लहान मुलं काठापासून लांब, आणि सोबत एक मित्र हवाच.

एवढं जमलं की पुढच्या रविवारी बॉसचा फोन खुशाल वाजू दे. तुमचे दोन्ही हात बिझी असतील!